मुंबई–तेल अवीव : तीन तासांचा वळसा

मंडळी, पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणली तर मुंबई ते तेल अवीव हे अंतर भरतं सुमारे ४०५० किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटरच्या वेगानं जेट विमानाला हे पाच तासांचं काम. पण एल अलच्या विमानाला वर्षानुवर्षं जवळजवळ आठ तास लागत. कारण दोरीखाली सौदी अरेबिया येतो, आणि इस्रायलला ये-जा करणाऱ्या विमानांना तिथलं आकाश बंद होतं. म्हणून आधी एलातपर्यंत दक्षिणेला जायचं, मग अख्खा तांबडा समुद्र उतरायचा, येमेनला वळसा घालायचा आणि तेव्हा कुठे अरबी समुद्र! अलिबाग-पेणच्या आपल्या बेने इस्रायली आजीबाईंचं माहेर त्यापायी तीन तास लांब पडलं.

२२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचं विमान दिल्लीहून सौदीवरून थेट तेल अवीवला उतरलं. दोनेक तास वाचले. गंमत बघा, एल अलला मात्र ती वाट बंदच, त्यामुळे ते कोर्टात गेले. जुलै २०२२ मध्ये सौदीनं सगळ्यांना आकाश मोकळं केलं, तरी पुढे ओमान होताच. त्यानं २३ फेब्रुवारी २०२३ रोजी होकार दिला, आणि तीन दिवसांनी एल अलचं पहिलं विमान त्या वाटेनं गेलं. मुंबईला नव्हे, बँकॉकला!