परतीची नगरी : सांता फे

एखादें शहर माणसाला कां आवडतें, या प्रश्नाचें उत्तर बहुधा दोन प्रकारांनीं दिलें जातें. प्रवासी सांगतो तें तेथल्या हवेविषयीं, डोंगरांविषयीं आणि बाजारपेठेविषयीं असतें. इतिहासाचा अभ्यासक सांगतो तें निराळें असतें. त्या शहरानें कोणाला जवळ केलें, कोणाला दूर लोटलें, आणि दूर लोटलेलीं माणसें पुनः त्याच्या वेशीशीं कां आलीं, हें तो पाहतो. आज ज्या शहराविषयीं मी बोलणार आहें, त्याच्या बाबतींत हीं दोन्ही उत्तरें एकमेकांत इतकीं गुंतलेलीं आहेत, कीं एक सोडून दुसरें देतां येत नाहीं. तें शहर म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागांतील न्यू मेक्सिको राज्याची राजधानी सांता फे.

‘सांता फे’ या स्पॅनिश नांवाचा अर्थ ‘पवित्र श्रद्धा’. समुद्रसपाटीपासून सुमारें ७००० फूट उंचीवर, सांग्रे दे क्रिस्तो पर्वताच्या पायथ्याशीं हें शहर वसलेलें आहे. हवा विरळ व कोरडी, पाऊस बेताचा, आकाश बहुतेक दिवस निरभ्र. अशा हवेंत दूरची टेकडीही हाताच्या अंतरावर असल्यासारखी स्पष्ट दिसते. शहरांतील घरें मातीचीं. मराठवाड्यांत किंवा सोलापुराकडे ज्यांनीं माळवदाचीं घरें पाहिलीं असतील, त्यांना तीं अगदींच परकीं वाटणार नाहींत. जाड भिंती, सपाट धाबें, आणि भिंतींतून बाहेर डोकावणारीं तुळयांचीं टोकें. माती, वाळू आणि गवताच्या काड्या कालवून उन्हांत वाळविलेल्या तेथल्या विटेला ‘अडोबी’ म्हणतात. हा शब्द अरबींतून स्पॅनिशमध्यें आणि तेथून अमेरिकेंत गेला. स्पॅनिश लोक येण्यापूर्वींही तेथील मूळ रहिवासी मातीचीं मजलेदार घरें बांधीत होते. सांच्यांत घडविलेली वीट मात्र नव्या लोकांबरोबर आली.

अशा भिंतीचा एक धर्म आहे. दर कांहीं वर्षांनीं तिला नव्या गिलाव्याचा हात द्यावा लागतो. दुर्लक्ष झालें कीं ती पावसांत विरघळूं लागते. पाण्याचेंही तसेंच. डोंगरांतून येणारी लहानशी नदी, आणि तिच्यापासून काढलेले पाट, यांवर या वस्तीचें जीवन अवलंबून होतें. या पाटांना ‘असेकिया’ म्हणतात. हाही शब्द मूळचा अरबीच. दर वसंतांत पाटावरच्या सर्व शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन गाळ काढावयाचा, आणि सर्वांनीं निवडलेल्या पाटकऱ्यानें प्रत्येकाला पाण्याची पाळी वांटून द्यावयाची, अशी ही रीति. आपल्या खानदेशांतील फडपद्धति ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तिचें मर्म निराळें समजावून सांगावयास नको. दगडी शहर धन्यावांचूनही शतकें उभें राहूं शकतें. मातीचें आणि पाटाच्या पाण्याचें शहर उभें राहण्यासाठीं कोणाला तरी पुनः पुनः परत यावेंच लागतें.

श्रोतेहो, या शहराचा इतिहास हा अशा परतीचाच इतिहास आहे. परंतु ती परत प्रत्येक वेळीं निर्मळ होती, असें मात्र समजूं नये.

स्पेनचा सुभेदार पेद्रो दे पेराल्ता यानें १६१० च्या सुमारास येथें राजधानी वसविली. जागा निर्जन होती असें नव्हे. तेवा भाषा बोलणाऱ्या लोकांचें तेथें पूर्वींपासून गांव होतें, आणि पांढऱ्या शिंपल्यांच्या पाण्याचें ठिकाण, अशा अर्थाचें नांव ते या जागेला देत असत. शहराच्या मधोमध असलेला चौक आणि त्याच्या उत्तरेस पसरलेला सुभेदाराचा लांबलचक मातीचा वाडा हीं त्या पहिल्या वसाहतीचीं चिन्हें आजही उभीं आहेत. परंतु त्या वाड्याच्या भिंतींत ज्यांचे श्रम मुरले, त्या प्वेब्लो लोकांना वेठ, धान्याची वसुली आणि आपल्या धर्मविधींवरील बंदी एवढेंच पदरीं पडलें. १६६० नंतर अवर्षणानें आणि रोगराईनें त्यांचे हाल अधिकच वाढले. १६७५ सालीं त्यांच्या सत्तेचाळीस धर्मप्रमुखांना पकडून आणण्यांत आलें. कांहींना फांसावर चढविलें, बाकीच्यांना फटके मारले. फटके खाऊन सुटलेल्यांत पोपे नांवाचा एक पुरुष होता.

या पोपेनें पुढें जें केलें, तें त्या खंडाच्या इतिहासांत अपूर्व आहे. प्वेब्लो लोकांचीं गांवें दूरदूर पसरलेलीं, आणि त्यांच्या भाषाही अनेक. त्यानें धांवत्या जासुदांच्या हातीं गांठी मारलेल्या दोऱ्या गांवोगांव पाठविल्या. रोज एक गांठ सोडावयाची; शेवटची गांठ सुटेल तो उठावाचा दिवस. दोन जासूद पकडले गेले, म्हणून दिवस अलीकडे ओढावा लागला; तरीही १० ऑगस्ट १६८० रोजीं उठाव झालाच. सुमारें चारशें स्पॅनिश माणसें मारलीं गेलीं, त्यांत एकवीस पाद्री होते. उरलेले सांता फे येथें कोंडले गेले. वेढा घालणाऱ्यांनीं पाट तोडला आणि वाड्याचें पाणी बंद केलें. २१ ऑगस्टला सुभेदार ओतेर्मीन हा बायकामुलांसह शहर सोडून दक्षिणेकडे एल पासोच्या वाटेला लागला. त्या लोकांबरोबर लांकडांत कोरलेली मेरीची एक लहानशी मूर्ति होती. १६२५ च्या सुमारास ती तेथें आणण्यांत आली होती. आतां ती त्यांच्याबरोबर वनवासाला निघाली.

पुढील बारा वर्षें सांता फे प्वेब्लो लोकांच्या हातीं राहिलें. सुभेदाराच्या वाड्याचें त्यांनीं आपल्या पद्धतीचें मजलेदार गांव करून टाकलें. आपल्या पूर्वजांच्या भूमींत तेही परतच आले होते, ही गोष्ट स्पॅनिश बखरकार सांगत नाहींत. परंतु आपण ती विसरतां कामा नये.

१६९२ च्या सप्टेंबरांत दिएगो दे वार्गास हा नवा सुभेदार सैन्य घेऊन आला. या वेळीं पाट त्यानें तोडला. बोलणीं झालीं, आणि रक्ताचा थेंब न सांडतां शहर पुनः स्पेनचें असल्याची द्वाही फिरली. येथवरची कथा उत्सवाची आहे, आणि १७१२ पासून तिच्या स्मरणार्थ उत्सव करण्याची प्रथाही सुरू झाली. परंतु कथेला दुसरा भाग आहे. १६९३ च्या डिसेंबरांत वसाहतवाले आपल्या कुटुंबांसह प्रत्यक्ष राहावयास आले, तेव्हां आंतल्या लोकांनीं घरें खालीं करण्याचें नाकारलें. बाहेर बर्फ पडत होता. आंत धान्य होतें, ऊब होती. दोन्ही बाजूंच्या लोकांना तें शहर आपलें वाटत होतें, आणि दोघांजवळही तसें वाटण्याला कारण होतें. वर्षअखेरीस लढाई झाली. वार्गास विजयी झाला, त्यानें सत्तर जणांना देहान्त शासन केलें, आणि सुमारें चारशें माणसें दास्यांत वांटून दिलीं. मेरीची मूर्ति परत आली. आज ती तेथल्या मुख्य चर्चमध्यें आहे आणि दरवर्षीं तिची मिरवणूक निघते. त्या मिरवणुकींत चालणाऱ्यांची भक्ति खरी आहे, आणि त्या सत्तरांचा मृत्यूही तितकाच खरा आहे.

१८२१ सालीं मेक्सिको स्वतंत्र झालें आणि मिसूरीकडून सुमारें नऊशें मैलांचा व्यापारी मार्ग खुला झाला. त्याच मार्गानें १८४६ च्या ऑगस्टांत जनरल कर्नी याचें अमेरिकन सैन्य आलें आणि शहरावर तिसरें निशाण चढलें. १८५१ सालीं लामी नांवाचा फ्रेंच बिशप आला. मातीचें जुनें चर्च त्याच्या मनाला येईना. १८६९ पासून त्यानें तेथें आपल्या मायदेशाच्या धर्तीवर दगडी मंदिर उभारावयास घेतलें. तरी जुन्या मातीच्या चर्चचा एक कोपरा त्या दगडांत अजून शाबूत आहे, आणि मेरीची ती मूर्ति नेमकी तेथेंच आहे. लामीच्या जीवनावरून विला कॅथर या लेखिकेनें १९२७ सालीं एक विख्यात कादंबरी लिहिली. तिच्यांतील वृद्ध बिशप शेवटचे दिवस फ्रान्समध्यें घालविण्याचा विचार सोडून देतो, आणि न्यू मेक्सिकोच्या हवेसाठीं तेथेंच देह ठेवतो. जो तें शहर बदलावयास आला, त्याला त्या शहरानेंच बदलून टाकलें.

१८८० सालीं आगगाडी आली. परंतु जिनें शहराचें नांव धारण केलें होतें, त्याच रेल्वेचा मुख्य मार्ग डोंगराळ चढण टाळून अठरा मैल दुरून गेला. शहराला एक फांटा तेवढा मिळाला. व्यापार ओसरला, वस्ती घटली. १९१२ सालीं न्यू मेक्सिकोला राज्याचा दर्जा मिळाला, त्याच वर्षीं नगररचनेचा विचार करणाऱ्यांनीं ठरविलें, कीं इतर शहरांची नक्कल न करतां आपली जुनी मातीची रीतच पुढें चालवावी. १९५७ सालीं त्याचा कायदा झाला. यांत जुन्याचें प्रेम होतें, तसा पाहुण्यांना ओढून आणण्याचा हिशेबही होता; आणि आज जुनें म्हणून जें दिसतें, त्यांतील पुष्कळसें विसाव्या शतकांत नव्यानें घडविलेलें आहे.

याच काळांत क्षयाचे रोगी कोरड्या हवेसाठीं तेथें येऊं लागले. जॉन गॉ मीम हा १९२० सालीं रोगी म्हणून आला, आणि त्या शहराचा प्रमुख वास्तुशिल्पी झाला. डॉरथी मॅकिबिन ही १९२५ मध्यें अशीच आली, बरी होऊन गेली. पति निवर्तल्यावर १९३२ सालीं लहान मुलाला घेऊन ती परतली, ती कायमची. चित्रकर्त्री जॉर्जिया ओकीफ हिनें १९१७ सालीं हा प्रदेश पाहिला, १९२९ पासून ती वारंवार येत राहिली, १९४९ मध्यें न्यू मेक्सिकोंत स्थायिक झाली आणि १९८६ सालीं सांता फे येथेंच वारली.

आणखी एका मनुष्याची परत जगाच्या इतिहासांत नोंदली गेली आहे. रॉबर्ट ओपेनहायमर हा तरुणपणीं, १९२२ सालीं, प्रकृति सुधारण्यासाठीं या डोंगरांत आला आणि त्यांच्या प्रेमांत पडला. पुढें अणुबाँबच्या गुप्त कार्यासाठीं जागा शोधावयाची वेळ आली, तेव्हां त्यानें याच परिचित प्रदेशाकडे बोट दाखविलें. १९४३ पासून लॉस अलामोसला जाणारे शास्त्रज्ञ प्रथम सांता फेच्या चौकाजवळील एका लहानशा कचेरींत येत, आणि तेथें त्यांचें स्वागत करी ती हीच मॅकिबिनबाई. त्या पठारावरील गरीब शेतकऱ्यांच्या जमिनी मात्र सरकारनें अपुऱ्या मोबदल्यांत घेतल्या; त्यांच्या वारसांसाठीं एक कोटी डॉलरांचा निधि मंजूर होण्यास २००४ साल उजाडावें लागलें. ज्यांनीं ती भूमि नांगरली, त्यांना ती परत मिळाली नाहींच.

हें सर्व ठाऊक असूनही लोक तेथें परत जाऊं इच्छितात, आणि त्याचीं साधीं कारणेंही कमी नाहींत. शरदांत हिरव्या मिरच्या भाजल्याचा वास गल्लोगल्लीं दरवळतो. खाणावळींत ‘तांबडी कीं हिरवी?’ असें विचारतात, आणि दोन्ही हव्या असल्यास ‘ख्रिसमस’ म्हणावयाचें असतें. आपल्या ताटांतील मिरचीही मूळ त्याच खंडांतील. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. हिंवाळ्यांत पिन्योन लांकडाचा सुगंधी धूर धाब्यांवर रेंगाळतो, आणि नाताळच्या रात्रीं वाळू भरलेल्या कागदी पिशव्यांतील मेणबत्त्या भिंतींच्या कडेनें पेटतात. सुभेदाराच्या वाड्याच्या पडवींत प्वेब्लो व इतर मूळ जमातींचे कारागीर आपलीं मडकीं आणि दागिने मांडून बसतात.

परंतु माझ्या मतें त्या शहराचें खरें आकर्षण असें, कीं त्यानें आपला भांडणाचा हिशेब मिटल्याचें सोंग फार काळ टिकूं दिलें नाहीं. २००५ सालीं वॉशिंग्टन येथील संसदभवनांत न्यू मेक्सिकोच्या वतीनें पोपेचा पुतळा उभा राहिला. वार्गासच्या प्रवेशाचा देखावा उत्सवांत करीत असत, तो विरोधामुळें २०१८ सालीं बंद झाला. २०२० च्या ऑक्टोबरांत निदर्शकांनीं चौकांतील स्मारकस्तंभ पाडला, आणि शहराला पुनः स्वतःशीं वाद घालावा लागला. आज तोच वाद घरांच्या किंमतींपाशीं येऊन ठेपला आहे. ज्यांच्या पणज्यांनीं त्या भिंती हातांनीं लिंपल्या, त्यांच्यापैकीं अनेकांना त्या मातीच्या घरांत राहणें आतां परवडत नाहीं. सौंदर्यावर लुब्ध होऊन आलेल्या धनिकांचें प्रेमच तेथें जुन्या रहिवाशाची वाट अडवून बसलें आहे.

तेव्हां शहरावरील प्रेम हा कांहीं मालकीचा कागद नव्हे. वार्गासनें प्रेम केलें, पोपेच्या लोकांनीं केलें, ओपेनहायमरनें केलें. आणि त्या प्रत्येकाच्या प्रेमाची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरली. परतणाऱ्यानें स्वतःला एकच प्रश्न विचारावा : माझ्या येण्यानें कोणाची परत अडते आहे काय? वसंतांत पाटाचा गाळ काढावयास जो इतरांबरोबर खालीं उतरतो, आणि आपली पाळी संपतांच पाणी पुढच्या शेतासाठीं सोडून देतो, त्याचें परतणें त्या भूमीला भार होत नाहीं.