रेसिंग सीट आणि सीट रेल

रेसिंग सीट आणि सीट रेल : स्पोर्ट्स कारमधली मूळ सीट काढून त्या जागी बसवली जाणारी घट्ट कवेची सीट आणि ती गाडीच्या फ्लोअरला जखडणारा पोलादी सांगाडा. कारखान्यातून आलेली सीट उंच, बुटक्या, स्थूल, सडपातळ अशा सगळ्यांना चालावी म्हणून घडवलेली असते, त्यामुळे वेगात घेतलेल्या वळणावर ती कोणालाच नीट धरत नाही. चालक स्टिअरिंगला लोंबकळून आणि गुडघा दाराला रेटून तोल सांभाळतो. रेसिंग सीट कंबर, बरगड्या आणि खांदे दोन्ही बाजूंनी धरते, म्हणून हात फक्त गाडी वळवण्यासाठी मोकळे राहतात.

जर्मनीत श्टुटगार्टच्या रॉयटर कारखान्यात पोर्शे ३५६ च्या बॉड्या बनत. तो कारखाना पोर्शेने घेतल्यावर १९६३ मध्ये उरलेल्या कंपनीने रेकारो या नावाने सीटचा धंदा धरला आणि १९६५ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात आपली स्पोर्ट सीट मांडली. पुढे इटलीतील स्पार्को, ओएमपी आणि जपानमधील ब्रिड ही नावे रुळली. गिऱ्हाईक बहुधा या नावांपासून सुरुवात करते. खरी सुरुवात गाडीच्या आतल्या मापांपासून आणि चालकाच्या अंगापासून व्हायला हवी. रेल कुठली बसते ते ठरले की सीटचे पर्याय आपोआप कमी होतात.

माझदा एमएक्स-५ (मियाटा) या दोन आसनी उघड्या गाडीची पहिली पिढी १९८९ मध्ये आली. सीट-रेलच्या सगळ्या अडचणी तिच्यात एकत्र सापडतात. गाडीची उंची जेमतेम १.२३ मीटर. मधला ट्रान्समिशनचा बोगदा आणि दाराचा उंबरा यांच्यामधली जागा इतकी अरुंद की रुंद खांद्यांची किंवा फुगीर कडांची सीट आत शिरली तरी दार लावताना अडते. स्टिअरिंग वर-खाली करण्याची सोयही पहिल्या दोन पिढ्यांत नाही. त्यामुळे मांड्या आणि स्टिअरिंग यांच्यातले अंतर, तसेच डोके आणि छप्पर यांच्यातले अंतर, दोन्ही सीटच्या उंचीवरच ठरतात. अमेरिकेतील ट्रॅकवर उघड्या गाड्यांसाठी ‘काठीची परीक्षा’ घेतली जाते : रोल बारच्या (गाडी उलटल्यास डोके वाचवणाऱ्या पोलादी कमानीच्या) माथ्यावरून समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत सरळ काठी ठेवायची, आणि पट्टा आवळून बसलेल्या चालकाचे हेल्मेट तिच्या खाली राहिले पाहिजे. सहा फुटी माणूस मूळ सीटवर या परीक्षेत सहसा नापास होतो. काही जण तेव्हा मूळ सीटचाच फोम कापून काढतात. हा उपाय स्वस्त आहे, दिसायला गबाळा असला तरी हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

रेलचे साधारण तीन भाग असतात. गाडीच्या मूळ बोल्टांवर बसणारा, त्या मॉडेलपुरताच केलेला तळाचा ब्रॅकेट. सीटच्या दोन्ही अंगांना धरणारे उभे पत्रे. आणि मधला पुढे-मागे सरकणारा स्लायडर. प्रत्येक भाग थोडी उंची खातो. स्लायडर गाळून सीट पक्की जखडली की चालक सर्वांत खाली बसतो. पण घरातल्या दुसऱ्या, कमी उंचीच्या माणसाचे पाय मग क्लचपर्यंत पोचत नाहीत. स्लायडर हवाच असेल तर दोन्ही बाजूंना कुलूप असलेलाच घ्यावा. एकाच बाजूला अडकणारा स्लायडर जोरात ब्रेक मारल्यावर पिळतो आणि सीट हलल्यासारखी वाटते.

बहुतेक गाड्यांत चारही बोल्टांच्या जागा एका पातळीत नसतात. म्हणून बोल्ट आधी हाताने चढवावेत, सीट पुढून मागेपर्यंत सरकवून पाहावी आणि मगच टॉर्क रेंच लावावा. एका कोपऱ्यात आधीच करकचून आवळले तर सांगाडा वाकडा बसतो आणि स्लायडर अडतो. सीटचा कल बदलण्यासाठी वॉशरची चळत रचण्याची खोड गॅरेजांत सर्रास दिसते. तिथे एकसंध स्पेसर लागतो. चळत सरकते आणि लांब बोल्ट वाकतो.

स्पर्धेसाठी एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमावलीतील परिशिष्ट ‘जे’मधले २५३ वे कलम किमान मापे सांगते : सीटला निदान चार आधार, ८ मिमी व्यासाचे बोल्ट, ३ मिमी जाडीचे पोलादी किंवा ५ मिमीचे हलक्या मिश्रधातूचे पत्रे, आणि प्रत्येक आधाराला ४० चौरस सेंमी टेकण. शेवटचे माप सर्वांत महत्त्वाचे. फ्लोअरचा पत्रा पातळ असतो. खाली रुंद पट्टी नसेल तर धडकेत बोल्ट शाबूत राहतो आणि पत्रा फाटून सीट उपटली जाते.

सीटचे साहित्य म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, फायबरग्लास किंवा कार्बन फायबर. फरक वजनाचा आणि किमतीचा. डोक्याला दोन्ही बाजूंनी कान असलेली सीट ट्रॅकवर मोलाची ठरते, पण रस्त्यावर बाजूने येणारी दुचाकी तीच लपवते.

मूळ सीटबरोबर काय जाते, हेही पाहावे लागते. पट्ट्याचे बकल अनेक गाड्यांत सीटच्याच सांगाड्याला असते. ते नव्या रेलवर कुठे बसेल हे आधी विचारावे. एमएक्स-५ च्या तिसऱ्या पिढीपासून अनेक बाजारांत साइड एअरबॅग सीटमध्येच येते. ती काढली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि दुकानदार रेझिस्टर जोडून तो विझवून देतो. दिवा विझतो, पण एअरबॅग परत येत नाही. सहा पट्ट्यांचा हार्नेस रोल बारशिवाय लावणे तर सरळ धोक्याचे : गाडी उलटून छत दबले तर चालकाला बाजूला झुकताच येत नाही.

जुनी सीट घेताना लेबल वाचावे. एफआयए ८८५५-१९९९ या मानकाच्या सीटची मुदत उत्पादनापासून ५ वर्षे, तर अधिक कडक ८८६२-२००९ ची १० वर्षे असते. ब्रिडच्या नकली सीट जगभर विकल्या जातात. हुबेहूब कापड आणि चिन्ह असले तरी आतले फायबरग्लास कसल्याही चाचणीला उतरलेले नसते. मुदत संपलेली किंवा लेबल नसलेली सीट एफआयएच्या नियमांनी चालणाऱ्या स्पर्धेच्या तांत्रिक तपासणीत बाद होते.