प्रिंटरच्या पोर्टातलं लॉक

नव्वदच्या दशकात पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास ज्यांनी मराठी डीटीपी केलं, त्यांना ‘लॉक’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी, एका बाजूला २५ पिना, दुसऱ्या बाजूला तेवढीच छिद्रं. संगणकामागे प्रिंटरच्या पोर्टात ती खोचायची, कडेचे स्क्रू पिळायचे आणि प्रिंटरची केबल तिच्या पाठीत लावायची. मराठी फॉन्टचं पॅकेज सुरू होताना पोर्टातून विचारणा करी, डबीतली चिप ठरलेलं उत्तर देई. उत्तर आलं नाही की त्या मशीनवर मराठी बंद.

प्रोग्रॅमची नक्कल रोखण्याचा त्याआधीचा बंदोबस्त फ्लॉपीवर असे. लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या आवृत्त्या मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये आहे का, हे तपासत. पण तशा फ्लॉप्यांचीही नक्कल काढून देणारे प्रोग्रॅम आले. चिपची नक्कल त्याहून अवघड, म्हणून लॉक टिकलं. कायदाही पाठीशी आला. १९८४ साली संगणक प्रोग्रॅम कॉपीराइट कायद्यात आले. १९९४ च्या दुरुस्तीने बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद झाली.

आमच्या डीटीपीच्या दुकानात मशीन दोन, लॉक एक. दिवाळी अंकांच्या गर्दीत मराठी एकाच मशीनवर चाले, दुसऱ्यावर इंग्रजी कामं. रात्री मशीन बंद करून लॉक काढायचं आणि गल्ल्यात कुलपात ठेवायचं, कारण ते हरवलं की पॅकेज गेलंच.

तरी त्या लॉकचा मला राग नव्हता. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या पडद्यावर जागच्या जागी बसवायला माणसांनी वर्षं घातली होती. पुण्यात घडलेल्या श्री-लिपीसारख्या पॅकेजांचं गिऱ्हाईक ते केवढं! एका दुकानाने घेऊन गल्लीभर वाटलं असतं, तर ही कामं उभीच राहिली नसती.

माझं दुखणं वेगळं आहे. कुलूप प्रोग्रॅमला घातलं, पण मजकूरही आत अडकला. त्या फॉन्टांत जेमतेम २५६ घरं. कुठल्या घरात कुठलं अक्षर किंवा अक्षराचा तुकडा, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवी. फाइल दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडली की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती गिचमिड. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० ने ती पडद्यावर नीट दाखवली. पण पानं जुळवायच्या पेजमेकर प्रोग्रॅमला युनिकोड कळत नव्हतं, त्यामुळे आम्ही जुन्याच फॉन्टांत काम करत राहिलो. दरम्यान नव्या संगणकांवरून प्रिंटरचं ते पोर्टच नाहीसं झालं, लॉक खोचायला जागाच उरली नाही. आज पुनर्मुद्रणासाठी सीडीवर जुनी फाइल येते आणि अख्खं पुस्तक पुन्हा टाइप करावं लागतं, प्रुफं पुन्हा वाचावी लागतात.

कारागिराच्या मेहनतीला संरक्षण हवंच, पण ते प्रोग्रॅमपुरतं असावं. लेखकाचा मजकूर त्यात गहाण पडता कामा नये. बंद झालेल्या पॅकेजांचे अक्षरतक्ते कंपन्यांनी खुले करावेत. आणि प्रकाशकांनी, एखादं जुनं मशीन लॉकसकट चालतंय तोवर, आपल्या फाइली युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात.