गाण्यांची दुकानं इंटरनेटनं मारली का?

हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा जिथे आहे, त्या माण गावात मी राहते. इथे भाड्याचे फ्लॅट भरतात तेवढ्याच वेगानं रिकामेही होतात आणि जाताना लोकांना जे नको असतं ते भंगारवाल्याकडे जातं. काही महिन्यांपूर्वी अशाच एका दुकानात सीडींचा गठ्ठा दिसला. एका डबीवर जुनं स्टिकर होतं : प्लॅनेट एम. गठ्ठा मी किलोच्या भावानं घेतला. प्लास्टिक म्हणून तो विकला जात होता, मला तो साधन म्हणून हवा होता.

आता तुम्हाला विचारते. मॉलमधली गाण्यांची ही मोठी दुकानं का बंद पडली? बहुतेक जण लगेच म्हणतील, "इंटरनेट आलं म्हणून." माझ्या संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात मीही हेच लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलनं एकच शब्द लिहिला, "कधी?" त्या एका शब्दानं माझं सगळं प्रकरण बदललं. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हा प्रश्न तुमच्याही उपयोगाचा आहे, म्हणून ही पोस्ट.

आधी कालपट मांडा

कारण शोधण्याआधी तारखा एका खाली एक लिहून काढायच्या. हे कंटाळवाणं वाटतं, पण निम्मं काम इथेच होतं.

१९९७ मध्ये आरपीजी समूहानं चेन्नईच्या स्पेन्सर प्लाझात म्युझिकवर्ल्ड सुरू केलं. १९९९ मध्ये टाइम्स समूहानं प्लॅनेट एम काढलं. त्याचं मुंबईतलं मुख्य दुकान सीएसटी स्टेशनसमोरच्या टाइम्सच्या इमारतीतच होतं. मुंबईचं क्रॉसरोड्स मॉल सुरू झालं तेही १९९९ सालीच. पुढच्या काही वर्षांत मॉल वाढले आणि त्यांच्यासोबत ही दुकानंही वाढली. कानाला हेडफोन लावून सीडी ऐकून बघायची आणि आवडली नाही तर तशीच परत ठेवायची, हे आपल्याकडच्या पुष्कळ ग्राहकांसाठी नवीन होतं.

२००७ मध्ये टाइम्सनं प्लॅनेट एम व्हिडिओकॉनला विकलं. २०१३ मध्ये म्युझिकवर्ल्ड बंद झालं. २०१६ मध्ये मुंबईच्या काळा घोड्याजवळचं रिदम हाउस बंद झालं. ते साखळीतलं नव्हतं, १९४० च्या दशकापासून एकाच जागी असलेलं दुकान होतं.

आता याच कागदावर दुसऱ्या रंगाच्या पेनानं इंटरनेटच्या तारखा लिहा. २००७ साली अख्ख्या देशात ब्रॉडबँडच्या जोडण्या तीसेक लाखांच्या आसपास होत्या. आयट्यून्सचं गाण्यांचं दुकान भारतात उघडलं २०१२ च्या डिसेंबरात. जिओ आलं २०१६ च्या सप्टेंबरात, स्पॉटिफाय २०१९ मध्ये. म्हणजे टाइम्ससारख्या मोठ्या समूहानं हा धंदा सोडला तेव्हा घराघरात गाणं पोचवणारं इंटरनेट आपल्याकडे आलेलंच नव्हतं. रिदम हाउस जिओच्या काही महिने आधीच बंद झालं होतं.

इंटरनेटचा संबंधच नाही, असं माझं म्हणणं नाही. २०१३ आणि २०१६ च्या बंद पडण्यात त्याचा हात असणारच. पण "इंटरनेटनं मारलं" या वाक्यात २००७ बसत नाही आणि न बसणारी तारीख झाकून पुढे जायचं नसतं.

अमेरिकेतही हेच दिसतं. कॅमेलॉट म्युझिक ही मॉलमध्ये दुकानं असणारी मोठी साखळी १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली. फुकट गाण्यांची देवाणघेवाण सुरू करणारं नॅपस्टर आलं १९९९ मध्ये. कॅमेलॉटला आधी फटका बसला तो स्वस्त विकणाऱ्या मोठ्या दुकानांचा. बेस्ट बायसारखे टीव्ही-फ्रिज विकणारे लोक गिऱ्हाईक आत यावं म्हणून सीडी जवळपास तोट्यात विकत होते. ज्याचं पोट सीडीवरच होतं त्याला ते परवडणं शक्य नव्हतं.

डबीवरची किंमत वाचा

माझ्याकडच्या त्या डबीवर स्टिकरशिवाय आणखी एक गोष्ट छापलेली आहे : एमआरपी. आपण ती इतकी गृहीत धरतो की साधन म्हणून तिच्याकडे बघतच नाही.

भारतात छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. म्हणजे गल्लीतल्या कॅसेटवाल्याच्या टपरीवर आणि मॉलमधल्या वातानुकूलित गाळ्यात एकच सीडी जास्तीत जास्त एकाच किमतीला विकली जाणार. कॉफीवाला मॉलमध्ये गेला की कपाची किंमत वाढवून भाडं वसूल करतो, कारण कॉफी त्याची स्वतःची असते. गाण्याच्या दुकानाला ती सोय नाही. भाडं मॉलचं, किंमत मात्र कंपनीनं छापलेली.

याचा दुसरा टप्पा २००७ च्या आसपासचा आहे. फुटपाथवर एकेका चकतीत शंभर-शंभर गाणी भरलेल्या एमपीथ्री सीडी आणि नवीन सिनेमांच्या चोरट्या प्रती सर्रास मिळत होत्या. त्यांना तोंड द्यायला मोझर बेअर या कंपनीनं अधिकृत सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. ग्राहक खूश. पण दुकानदाराच्या जागी बसून हिशेब करा. समजा, दुकानाला विक्रीवर २० टक्के सुटतात (हा आकडा निव्वळ उदाहरणासाठी). ३९५ रुपयांच्या सीडीवर ७९ रुपये मिळतात, २८ रुपयांच्या व्हीसीडीवर ५ रुपये ६० पैसे. एका सीडीची कमाई भरून काढायला चौदा व्हीसीडी विकाव्या लागतात. मांडणीवर जागा तेवढीच, भाडं तेवढंच, काउंटरवरच्या पोराचा पगारही तेवढाच.

चोरीवरचा इलाज म्हणून आलेली स्वस्ताई अधिकृत दुकानालाच जड जाऊ शकते, हे गणित मी केलं नसतं तर माझ्या लक्षात आलं नसतं. मात्र इथे सावध राहा. मोझर बेअरचे भाव आणि प्लॅनेट एमची विक्री साधारण एकाच काळात झाली, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं लिहायचं नाही. हे दडपण कसं काम करतं एवढंच गणित दाखवतं. त्यामुळेच दुकान विकलं, असं म्हणायला कागद लागतो.

मालक कोण होता, हे विचारा

आता मालकांकडे बघू. टाइम्स समूहाकडे वर्तमानपत्रं होती, १९९८ पासून टाइम्स म्युझिक ही गाण्यांची कंपनी होती, पुढे रेडिओ मिर्ची आलं. आरपीजीकडे तर एचएमव्हीचा वारसा सांगणारी ग्रामोफोन कंपनी, म्हणजे आजची सारेगामा होती. गाणं बनवणारा, वाजवणारा, त्याची जाहिरात करणारा आणि ते विकणारा, असे एकाच घरातले भाऊ होते.

दुकान गेलं तेव्हा या घरांनी गाणं सोडलं नाही. टाइम्सनं २००७ मध्ये दुकानं विकली आणि २०१० मध्ये गाना ही ऑनलाइन सेवा सुरू केली. म्युझिकवर्ल्ड २०१३ मध्ये बंद झालं आणि सारेगामानं २०१७ मध्ये जुनी गाणी भरलेलं कारवां हे यंत्र काढून ते घरोघरी विकलं. गाण्यांचे हक्क हातात असणाऱ्याला दुकान हा अनेक वाटांपैकी एक वाट होता. ती परवडेना झाली की दुसरी धरली.

व्हिडिओकॉनची गोष्ट वेगळी. औरंगाबादेत वाढलेला हा टीव्ही-फ्रिजचा कारखानदार. त्याला मॉलमधले तयार गाळे मिळाले आणि प्लॅनेट एममध्ये गाण्यांच्या जोडीला मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू दिसू लागल्या. २०१८ मध्ये खुद्द व्हिडिओकॉनवरच दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

याच्या शेजारी पुण्याच्या कर्वे रस्त्यावरचं अलूरकर म्युझिक हाउस ठेवून बघा. सुरेश अलूरकर दुकान चालवत आणि शास्त्रीय गायकांची ध्वनिमुद्रणं करून स्वतः कॅसेटही काढत. त्यांच्या कॅसेट आजही पुण्यातल्या जुन्या घरांत सापडतात. मोठ्या साखळीनं मागे काय ठेवलं? गाळे दुसऱ्यांना गेले, स्टॉक निकालात निघाला. साखळीचा इतिहास लिहायला म्हणूनच अवघड जातं.

मग साधनं कुठून आणायची?

पहिला मोह वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांचा होतो. बघा जरूर, पण प्लॅनेट एमवरची बातमी टाइम्सच्या अंकात वाचताना लक्षात ठेवा, की बातमी देणारा आणि दुकानाचा मालक एकच आहे. ती बातमी खोटी असेलच असं नाही, पण तिला एकटीला साक्षीदार म्हणून उभं करू नका. दुसऱ्या समूहाच्या पेपरात तेच शोधा.

दुसरं, कंपनीचे ताळेबंद. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडं शुल्क भरून नोंदणीकृत कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं बघता येतात. त्यात भाडं, पगार आणि न विकलेला माल या तीन ओळी आधी काढा आणि वर्षागणिक एकाखाली एक मांडा. मी समजा म्हणून वर जे गणित केलं, ते खऱ्या आकड्यांनी करायची जागा ही.

तिसरं, बिलं. इथे घाई करा. या दुकानांची बिलं थर्मल कागदावर असायची आणि त्यावरची अक्षरं काही वर्षांत उडतात. कोणाच्या सीडीच्या डबीत घडी घातलेलं बिल सापडलं, तर आधी फोटो काढा.

चौथं आणि सगळ्यात मोलाचं, तिथे काम केलेली माणसं. "ते पावसाचं गाणं, त्या नव्या पिक्चरमधलं," एवढ्यावरून बरोबर सीडी काढून देणारी मुलं-मुली आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. मराठीचा कप्पा किती मोठा होता आणि कुठल्या कोपऱ्यात होता, काय खपायचं, काय धूळ खात पडायचं, दुकान बंद होताना त्यांना किती दिवस आधी सांगितलं, हे ताळेबंदात सापडणार नाही. मी अशा मुलाखतींना सुरुवात केली तेव्हा वाटलं होतं, लोक म्हणतील यात काय विचारायचं. झालं उलटं. बहुतेकांना हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

आणखी एक मर्यादा माझ्या प्रकरणात मी स्पष्ट लिहिली आहे. या साखळ्यांचा इतिहास म्हणजे गाणं ऐकण्याचा इतिहास नव्हे. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात पाळीवरून सुटलेला कामगार कॅसेट घ्यायचा ती एसटी स्टँडवर नाहीतर आठवडी बाजारात. त्याच्या कॅसेटवर स्टिकर नसायचं. स्टिकर असलेल्यांचाच इतिहास लिहिला तर तो सोपा होईल, पण अर्धा राहील.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या गावातलं बंद पडलेलं एखादं दुकान निवडा, गाण्यांचंच हवं असं नाही. ते का बंद पडलं असं तीन जणांना विचारा. तिघंही एकच कारण सांगतील. मग कालपट मांडा, मालक कोण होता ते शोधा, भाडं आणि मार्जिन किती होतं ते विचारा आणि त्या कारणापुढे पेन्सिलनं लिहा : कधी?

उत्तर जुळलं तर कारण पक्कं झालं. नाही जुळलं, तर तुमचा संशोधनाचा विषय तिथेच आहे.