व्हॅन एटन, शॅरन

(२६ फेब्रुवारी १९८१ – ). अमेरिकन गायिका, गीतकार व संगीतकार. साध्या गिटारच्या साथीवरील हळव्या लोकशैलीतील गाण्यांनी सुरुवात करून त्या सिंथेसायझर व ड्रम्सच्या भरदार रॉक संगीताकडे वळल्या. एकविसाव्या शतकातील अमेरिकन इंडी संगीतात असा प्रवास अनेकांनी केला. त्यांच्याइतक्या सलगपणे तो थोड्यांनाच साधला.

जन्म न्यू जर्सी राज्यातील बेलव्हिल येथे. शिक्षणासाठी त्या टेनेसी राज्यातील मर्फ्रीझबरो येथे गेल्या. मात्र विद्यापीठ सोडून तेथील एका कॉफीगृहात काम करू लागल्या. या काळात एका जोडीदाराकडून त्यांचा छळ झाला. त्यांचे गाणेही तो हिणवत असे. त्यातून सुटून त्या घरी परतल्या व पुढे ब्रुकलिनला स्थायिक झाल्या. तेथे हाताने तयार केलेल्या सीडी त्या स्वतःच वितरित करीत. ‘बा डा बिंग’ या ध्वनिमुद्रण संस्थेत त्यांनी प्रसिद्धीचे कामही केले.

ग्रेग वीक्स यांची निर्मिती असलेल्या बिकॉज आय वॉज इन लव्ह (२००९) या पहिल्या अल्बममध्ये गिटार, आवाज आणि त्याच आवाजाचे एकावर एक चढवलेले थर एवढाच मुख्य ऐवज आहे. गाणी दबक्या स्वरांत आहेत, पण त्यांतील वेदना स्पष्ट ऐकू येते. सात गाण्यांच्या एपिक (२०१०) मध्ये प्रथमच वाद्यवृंदाचे बळ मिळाले. त्यातील ‘लव्ह मोअर’ हे गाणे हार्मोनियमच्या अखंड धरलेल्या सुरांवर उभे आहे. मराठी श्रोत्याला पेटी ओळखीची असते ती गायकाच्या पाठोपाठ धावणारी; येथे ती जागची हलत नाही आणि आवाज तिच्यावरून सावकाश पुढे सरकतो.

‘द नॅशनल’ या बँडचे आरन डेसनर यांनी आपल्या भावासह ‘लव्ह मोअर’ सादर केले होते. त्या ओळखीतून डेसनर यांच्या ब्रुकलिनमधील गॅरेज-स्टुडिओत ट्रॅम्प (२०१२) तयार झाला. त्या दिवसांत व्हॅन एटन यांना राहायला कायमचे घर नव्हते. शीर्षकातील भटकेपणा तेथून आला. ‘सर्पंट्स’मधील इलेक्ट्रिक गिटारच्या धारेने त्यांच्या गाण्यात संतापाला जागा मिळाली. स्टुअर्ट लर्मन यांच्यासह स्वतः निर्मिलेल्या आर वी देअर (२०१४) मध्ये पियानो, ऑर्गन व मोकळा सोडलेला आवाज यांचा विस्तार आढळतो.

यानंतर त्यांनी दौऱ्यांपासून विश्रांती घेतली. या काळात त्या मानसशास्त्र शिकू लागल्या, द ओए या मालिकेत त्यांनी अभिनय केला आणि त्यांना मुलगा झाला. स्ट्रेंज वेदर या चित्रपटाचे गिटारप्रधान संगीत रचताना मन मोकळे करण्यासाठी त्या सरावाच्या खोलीतील जुन्या ‘जुपिटर-४’ सिंथेसायझरकडे वळत. तो त्या खोलीचे भागीदार, अभिनेते मायकल सेरा यांचा होता. या विरंगुळ्यातूनच रिमाइंड मी टुमॉरो (२०१९) ची दिशा ठरली. निर्माते जॉन काँगल्टन यांच्या साहाय्याने त्यात गिटार मागे सरली आणि घुमणारे सिंथेसायझर व ठळक ड्रम्स पुढे आले. ‘सेव्हंटीन’मध्ये तरुणपणीच्या स्वतःला उद्देशून गाताना त्यांचा आवाज किंकाळीपर्यंत चढतो, पहिल्या अल्बममधील गायिकेने तो बहुधा आवरला असता. एंजल ओल्सन यांच्यासह गायिलेले ‘लाइक आय यूज्ड टू’ (२०२१) हे या भव्य शैलीचे आणखी एक उदाहरण होय.

शॅरन व्हॅन एटन अँड द अटॅचमेंट थिअरी (२०२५) हा अल्बम त्यांनी प्रथमच साथीदारांसह बँड म्हणून रचला. तो लंडनमधील ‘द चर्च’ या स्टुडिओत मार्टा सालोनी यांच्या निर्मितीखाली ध्वनिमुद्रित झाला.

वाद्ये बदलली तरी लांबवलेले स्वर, स्वतःच्याच आवाजाशी साधलेली सुसंवादी जोड आणि दीर्घकाळ टिकणारा आधारस्वर ही वैशिष्ट्ये आरंभापासून कायम राहिली. म्हणूनच त्यांच्या वाटचालीला लोकप्रियतेसाठी केलेली तडजोड म्हणता येत नाही. दडपलेल्या आवाजाला हक्काची जागा मिळत गेली आणि त्या जागेच्या मापाने संगीत वाढले. एपिकच्या दशकपूर्तीनिमित्त काढलेल्या आवृत्तीत (२०२१) फिओना ॲपल, ल्युसिंडा विल्यम्स, कोर्टनी बार्नेट आदींनी त्यातील गाणी नव्याने गायिली. पुढच्या-मागच्या पिढ्यांतील कलावंतांनी त्यांच्या गीतलेखनाला दिलेली ही दाद होय.