ठिणगीची वेळ

हिंगणघाटचा कापूस एकेकाळी विलायतेच्या बाजारात गावाच्याच नावाने ओळखला जाई. तिथल्या जिनिंगमध्ये सुरुवातीला आली ती वाफेची इंजिने. आग बॉयलरखाली, काम सिलिंडरमध्ये. पुढे तेलाची इंजिने आली आणि आग थेट सिलिंडरच्या पोटात शिरली. डिझेल दाबाने तापलेल्या हवेतच पेटते. पेट्रोल, रॉकेल किंवा गॅसच्या इंजिनाला मात्र ठिणगी लागते, तीही नेमक्या वेळी.

ही वेळ काय असते, ते मला लहानपणी आमच्या वावरातल्या विहिरीवर कळले. काकांनी रॉकेलच्या इंजिनाचे हँडल फिरवले, ठिणगी वेळेआधी पडली, हँडल उलटे फिरले आणि काकांचे मनगट मोडले.

इंधन पेटून दाब वाढायला क्षणभर लागतो. म्हणून पिस्टन वर पोहोचण्याच्या जरा आधीच ठिणगी पाडावी लागते. फार लवकर पडली, तर पिस्टनला उलटा मार बसतो; उशीर झाला, तर ताकद धुरावाटे वाया जाते. जनरेटरचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९००० अंश. ठिणगी २० अंश आधी हवी असेल, तर हाती असतो सेकंदाचा साडेचारशेवा भाग!

जर्मनीत ऑटोने १८७६ साली चालवलेले इंजिन छोट्या ज्योतीने पेटे. १९०२ साली बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो बनवला. त्यातले ‘पॉइंट’ उघडले की ठिणगी पडे. पण पॉइंट झिजत आणि वेळ सरके. मग मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला, मूठ कानाला लावून आतले ठोके ऐकत आणि टायमिंग लावत.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत झिजणारे पॉइंटच नाहीत. दातेरी चाकाजवळचा सेन्सर प्रत्येक दाताची खूण घेतो. एखाद-दुसरा दात मुद्दाम गाळलेला असतो. त्या रिकाम्या जागेवरून चाक कुठे आहे ते कळते. वेग आणि भार पाहून इलेक्ट्रॉनिक पेटी कॉइलला हुकूम सोडते. मोठ्या गॅस इंजिनांवर आणखी एक सेन्सर ठोका ऐकतो आणि ठिणगी थोडी उशिरा पाडायला लावतो. मिस्त्रीचा कानच तो!

गोबरगॅसला याचा मोठा उपयोग. त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ज्वाला सावकाश पसरते, ठिणगी जास्त आधी लागते. शिवाय गॅस रोज सारखा नसतो.

याच वर्ध्यात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कुमारप्पांनी त्याचे काम मगनवाडीतून चालवले. यंत्र माणसाच्या ताब्यात की माणूस यंत्राच्या, हा तिथला प्रश्न आजही जुना झालेला नाही. पॉइंट मिस्त्री काचकागदाने घासून चालू करी. बंद पेटी बिघडली, तर शहर गाठावे लागते आणि तोवर पीक वाळते.

काकांचे मनगट आठवले की मला ती पेटी हवीशी वाटते. फक्त ती उघडू शकणारा एक जण गावातही हवा.