आरमारी पोलिसाचे पालक

इंग्रजी आरमारी परंपरेत जहाजावरच्या पोलिसाला ‘मास्टर-ॲट-आर्म्स’ म्हणतात. साहित्याच्या अभ्यासकांना हे पद ठाऊक असते ते बहुधा हर्मन मेल्व्हिलच्या ‘बिली बड’मुळे. त्या कथेतला जॉन क्लॅगर्ट हा मास्टर-ॲट-आर्म्स होता, आणि एका निष्पाप खलाशावर बंडाचा खोटा आळ घेणारा माणूस म्हणून तो वाचकांच्या मनात कायमचा बसला आहे. आज अमेरिकन नौदलात हेच पद घेण्यासाठी अठरा-एकोणीस वर्षांची मुले-मुली घर सोडतात, आणि त्यांचे आईवडील त्यांच्या पत्राची वाट पाहतात. या पालकांनी मुलाच्या पाठीशी उभे राहायचे म्हणजे नेमके काय करायचे? प्रश्न घरगुती वाटतो खरा. परंतु त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिल्याखेरीज प्रश्नाचे वजन कळत नाही, असे आम्हांला वाटते.

प्रथम पदाविषयी. मास्टर-ॲट-आर्म्स हा मुळात जहाजावरच्या लहान शस्त्रांचा रखवालदार आणि त्या शस्त्रांचे शिक्षण देणारा. तोफांचे महत्त्व वाढले तसे तलवार शिकवण्याचे काम मागे पडले आणि शिस्त राखणे, दिवे वेळेवर विझवणे, चोऱ्या व दारू पकडणे, कैद्यांवर पहारा ठेवणे ही कामे त्याच्याकडे आली. ज्यांच्यासोबत जेवायचे-झोपायचे त्यांच्यावरच नजर ठेवायची, असे हे काम. खलाशांनी त्याला ‘जिमी लेग्ज’ असे टोपणनाव ठेवले. त्यात लाडापेक्षा संशयच अधिक होता. मेल्व्हिल स्वतः 1843-44 मध्ये ‘युनायटेड स्टेट्स’ या युद्धनौकेवर साधा खलाशी होता. त्या अनुभवावर बेतलेल्या ‘व्हाइट-जॅकेट’ (1850) या पुस्तकातला मास्टर-ॲट-आर्म्स तर स्वतःच दारूची चोरटी आयात करतो. म्हणजे क्लॅगर्ट ही मेल्व्हिलची अखेरच्या वर्षांतली अकस्मात कल्पना नव्हे. चाळीस वर्षे हे पद त्याच्या मनात घर करून होते.

आता पालकांविषयी. मुलाने आरमारात जावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? 1816 साली मॅसॅच्युसेट्समध्ये हा प्रश्न न्यायालयात आला. एका अज्ञान मुलाने बापाच्या संमतीवाचून नौदलात नाव नोंदवले होते, आणि त्याला सोडवण्यासाठी अर्ज झाला होता. प्रतिपक्षी होता कमोडोर बेनब्रिज. न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी निकाल नौदलाच्या बाजूने दिला. बापाचा मुलावरचा हक्क कायद्यातून आलेला आहे, तेव्हा कायदेमंडळ तो आकुंचित करू शकते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. एकवीस वर्षांनी, 1837 मध्ये, काँग्रेसने वेगळी वाट धरली. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना पालकांच्या संमतीने भरती करावे आणि त्यांनी एकविसाव्या वर्षापर्यंत सेवा करावी, असा कायदा झाला. पालकांच्या सहीला अशा रीतीने किंमत आली. पण सही झाल्यावर पुढे काय, याविषयी कायदा गप्प होता.

त्या ‘पुढे काय’चे भीषण उत्तर पाच वर्षांतच मिळाले. ‘सोमर्स’ हे दोन डोलकाठ्यांचे छोटे जहाज या नव्या कायद्याखाली आलेल्या उमेदवार मुलांच्या शिक्षणासाठी पाठवले गेले होते, आणि त्यावरचे बहुतेक खलाशी कोवळ्या वयाचे होते. 1842 च्या नोव्हेंबरात कप्तान अलेक्झांडर स्लाइडेल मॅकेंझी याला बंडाच्या कटाचा संशय आला. संशयितांत मुख्य होता मिडशिपमन फिलिप स्पेन्सर. विशीही न गाठलेला हा मुलगा तत्कालीन युद्धमंत्री जॉन स्पेन्सर यांचा पुत्र होता. 1 डिसेंबर 1842 रोजी स्पेन्सर आणि आणखी दोघांना रीतसर कोर्ट-मार्शल न करता भर समुद्रात फाशी देण्यात आले. जहाज बंदराला लागायला तेव्हा फार दिवस उरले नव्हते. साऱ्या देशाच्या सैन्याचा कारभार ज्याच्या हाती, त्या बापालाही मुलाच्या बाजूने एक शब्द बोलण्याची संधी मिळाली नाही. पुढे मॅकेंझीवर कोर्ट-मार्शल झाले आणि तो निर्दोष सुटला. 1845 मध्ये ॲनापोलिस येथे नौदल अकादमी स्थापन झाली, त्यामागच्या कारणांत या प्रकरणाचा उल्लेख नेहमी होतो. मुलांना थेट समुद्रावर लोटण्याऐवजी आधी जमिनीवर शिकवावे, हा विचार त्यानंतर बळावला.

‘सोमर्स’वरचा एक वरिष्ठ अधिकारी, लेफ्टनंट गन्सफोर्ट, हा मेल्व्हिलचा मामेभाऊ होता, आणि ‘बिली बड’मध्ये या घटनेचा उल्लेख येतो. परंतु त्या कथेच्या मागे मेल्व्हिलचे स्वतःचे पितृत्वही उभे आहे, याकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधू इच्छितो. त्याचा थोरला मुलगा माल्कम अठराव्या वर्षी, 1867 मध्ये, घरातच पिस्तुलाच्या गोळीने गेला. धाकटा स्टॅनविक्स समुद्रावर गेला, भटकला आणि 1886 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला वारला. त्याच सुमारास मेल्व्हिलने ‘बिली बड’ हाती घेतली. 1891 मध्ये तो गेला तेव्हा ती अपुरीच होती; ती छापली गेली 1924 मध्ये. कथेतला बिली हा टाकून दिलेला, आईबाप ठाऊक नसलेला मुलगा आहे. कप्तान व्हिअर हा त्याच्या बापाच्या वयाचा, आणि तोच त्याला फाशीकडे नेतो. आपल्यावर आळ आला तेव्हा बिलीची वाचा अडखळते आणि तो हात उगारतो. घरून येणारे पत्र नाही, मनातले सांगावे असे कुणी नाही, असा हा मुलगा आहे. कथेची शोकांतिका त्याच्या अनाथपणात किती मुरलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पालकांच्या प्रश्नाला साहित्यातही जागा आहे, हे पटते.

पदाचा इतिहास पुढे असा आहे. अमेरिकन नौदलाने हे स्वतंत्र पद 1921 मध्ये बंद केले. नंतरची पन्नास वर्षे हे काम इतर व्यवसायांतले खलाशी तात्पुरते करीत. 1972 च्या ऑक्टोबरात ‘किटी हॉक’ या विमानवाहू नौकेवर कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय खलाशांत मोठा दंगा उसळला. शिस्त आणि न्याय ही दोन्ही ओझी एकाच वेळी कशी पेलायची, हा प्रश्न नौदलापुढे उघडा पडला. 1 ऑगस्ट 1973 रोजी मास्टर-ॲट-आर्म्स हे पद पुन्हा सुरू झाले. 12 ऑक्टोबर 2000 रोजी एडन बंदरात ‘कोल’ या नौकेवर आत्मघातकी हल्ला होऊन 17 खलाशी मेले, आणि पुढच्याच वर्षी 11 सप्टेंबर घडले. तेव्हापासून नौदलाच्या तळांची व बंदरांची राखण ही या पदाची मोठी जबाबदारी झाली आणि त्यातली भरती झपाट्याने वाढली. दारावरचा पहारा, गस्त, श्वानपथक, बंदरातल्या सुरक्षा-होड्या, कैदखाना अशी अनेक कामे आज या एका पदात येतात.

या वाटेने जाणाऱ्या मुलाचा प्रवास सुरू होतो तो इलिनॉय राज्यातल्या ग्रेट लेक्स येथून. 1911 मध्ये उघडलेले हे केंद्र 1990 च्या दशकात नौदलाचे एकमेव प्राथमिक प्रशिक्षण केंद्र उरले. सतरा वर्षांच्या मुलासाठी पालकांची लेखी संमती आजही लागते. 1837 ची ती सही अजून जिवंत आहे. मुलगा केंद्रात पोहोचला की त्याचे अंगावरचे नागरी कपडे खोक्यात भरून घरी पाठवण्याची रीत पडली आहे. ते खोके दारात आले की कित्येक आयांचा धीर सुटतो, कारण कपड्यांना अजून त्याचा वास असतो आणि तो मात्र नसतो. पुढचे सुमारे दोन महिने फोन मोजकेच, आधार पत्राचा. अखेरीस रात्रभर चालणारी ‘बॅटल स्टेशन्स’ ही परीक्षा होते. ती पार पडली की ‘रिक्रूट’ अक्षरांची टोपी उतरते आणि ‘नेव्ही’ अक्षरांची चढते. त्यानंतर पुढचे शिक्षण. या पदाची शाळा दीर्घकाळ टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोजवळच्या लॅकलंड हवाई तळावर राहिली आहे. तिथे कायदा, अटक, शस्त्रे, दंडुका हे विषय असतात, आणि मिरचीच्या फवाऱ्याचा मारा स्वतःच्या डोळ्यांवर सोसून पुढची कामगिरी पार पाडण्याची कसोटीही असते. दुसऱ्यावर जे वापरायचे ते आधी स्वतः भोगावे, असा त्यामागचा एक विचार सांगितला जातो.

पालक या काळात काय करू शकतात? पत्रे लिहावीत, ती साधी असावीत, घरच्या भांडणांची नसावीत, पदवीदान-संचलनाला जावे, शिक्षकांच्या कामात ढवळाढवळ करू नये. हे सारे योग्यच आहे. पण आमच्या मते एवढ्याने भागत नाही. पोलिसाचे काम इतर आरमारी कामांहून एका बाबतीत वेगळे आहे. इथे मुलाच्या हाती सोबत्यांवरची सत्ता येते, आणि तीही फार लवकर, विशीच्या आत. तिची चटक लागू शकते, तिचा जाचही होऊ शकतो. 2000 च्या दशकाच्या मध्यास बहरीनमधल्या अमेरिकन नौदलाच्या श्वानपथकात कनिष्ठांचा पद्धतशीर छळ झाल्याचे नौदलाच्याच चौकशीत पुढे आले. हे पथक याच पदाच्या लोकांचे होते. शिस्त राखणाऱ्यांतच क्लॅगर्ट निपजू शकतो, हे मेल्व्हिलने लिहून ठेवले होते. ते कल्पित नव्हते. अशा वेळी छळ सोसणारा, किंवा त्याहून अवघड म्हणजे छळ पाहणारा, मुलगा कुणाला सांगणार? वरिष्ठच त्यात असेल तर उरते ते घर. ‘तू निभावून ने’ एवढेच ज्या घरातून ऐकू येते, तिथे तो सांगणार नाही.

याच पदाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 24 मार्च 2014 रोजी नॉरफोकच्या तळावर ‘महान’ या विनाशिकेवर एका घुसखोराने पहाऱ्यावरच्या खलाशी स्त्रीचे पिस्तूल हिसकावले. मास्टर-ॲट-आर्म्स मार्क मेयो मध्ये पडला, तिच्यावर स्वतःचे शरीर झाकले आणि मारला गेला. तो 24 वर्षांचा होता. त्याला मरणोत्तर नेव्ही अँड मरीन कोअर पदक देण्यात आले. 29 सप्टेंबर 2006 रोजी इराकमधल्या रमादी येथे सोबत्यांना वाचवण्यासाठी हातबॉम्बवर झेप घेणारा मायकेल मॉन्सूर हाही पदाने मास्टर-ॲट-आर्म्सच होता, जरी तो लढत होता ‘सील’ पथकात. 8 एप्रिल 2008 रोजी त्याचे मेडल ऑफ ऑनर त्याच्या आईवडिलांच्या हाती देण्यात आले, आणि त्याच्या नावाच्या नौकेची पालक झाली त्याची आई. जहाजाला मुलाचे नाव देणे हा नौदलाचा पालकांशी बोलण्याचा जुना मार्ग आहे. 1942 मध्ये ‘जूनो’ बुडून पाच मुलगे गमावलेल्या सलिव्हन दांपत्याच्या वाट्याला तोच आला होता. आपण या सन्मानाला हसू नये. पण त्यात मुलाच्या जिवंतपणी पालकांशी काय बोलले गेले, हा प्रश्न तसाच राहतो.

1816 च्या निकालाने पालकांचा हक्क काढून घेतला, 1837 च्या कायद्याने त्यांना एक सही दिली, आणि विसाव्या शतकाने खिडकीत लावायची निळ्या ताऱ्याची पताका दिली. ती 1917 मध्ये दोन मुलगे सैन्यात असलेल्या एका अमेरिकन कप्तानानेच रचली होती. मुलगा गेला की निळा तारा सोनेरी होई. या सर्वांत पालक हा देणारा आहे. आम्हांला त्याच्याकडून आणखी एक काम अपेक्षित आहे, आणि ते ऐकण्याचे आहे. बिली बडला बोलता आले नाही, म्हणून त्याचा हात उठला. स्पेन्सरचे म्हणणे वेळेत कुणी ऐकले नाही. पोलिसाचे काम शिकणाऱ्या मुलाला कायदा शाळेत शिकवतात. आपण वापरलेली सत्ता न्याय्य होती का, ही शंका न भिता उच्चारायची जागा मात्र बहुधा घरीच मिळते. ती जागा उघडी ठेवणे हाच आम्हांला पाठिंब्याचा खरा अर्थ वाटतो. ‘बिली बड’ वर्गात शिकवताना क्लॅगर्टच्या दुष्टपणावर आपण तासन्‌तास बोलतो. बिलीला घर नव्हते, यावरही थोडे बोलावे.